गाडीसाठी ओबीडी स्कॅनर: कोणता घ्यावा, कोणी घेऊ नये

मीटरमध्ये पिवळं इंजिनचं चिन्ह पेटतं, गाडी गॅरेजला जाते, मेकॅनिक स्टिअरिंगखाली स्कॅनर लावतो आणि दोन मिनिटांत निकाल येतो: ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय.’ सेन्सर बदलला जातो, चार-सहा हजार जातात आणि आठवड्याने चिन्ह पुन्हा पेटतं. पुष्कळदा तो सेन्सर चांगलाच असतो. मिश्रणात इंधन कमी पडतंय हे त्याने बरोबर सांगितलेलं असतं. हवा कुठून शिरतेय किंवा पेट्रोल का कमी पडतंय, हे शोधायचं काम मात्र कोणी केलेलं नसतं.

स्कॅनर विकत घ्यायचा की नाही, याचं उत्तर इथूनच सुरू होतं. स्कॅनर बिघडलेल्या भागाचं नाव सांगत नाही. कोणत्या सर्किटने किंवा कोणत्या मोजमापाने तक्रार केली, तेवढं सांगतो. त्या तक्रारीच्या मागे जाऊन आकडे बघायची तयारी असेल, तर अडीच-तीन हजारांचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं चांगलं ॲप एवढ्यात घरच्या गाडीचं बहुतेक काम होतं. नुसता कोड, म्हणजे त्या तक्रारीचा नंबर, वाचून पुसून टाकायचा असेल, तर तेवढेही पैसे घालवू नका. गॅरेजमध्ये एकदा स्कॅन करायला साधारण पाचशे ते हजार रुपये लागतात, आणि वर्षातून एकदा ते देणं परवडतं.

आधी गाडी पाहा, मग स्कॅनर

स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट आहे म्हणजे गाडी ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष सांगायची प्रमाणित पद्धत) आहे, असं समजून स्कॅनर घेणारे सर्वात जास्त फसतात. भारतात भारत स्टेज ४ हा गाड्यांच्या प्रदूषणाचा नियम एप्रिल २०१० मध्ये आधी निवडक शहरांत आला. त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. बाकीच्या जिल्ह्यांत भारत स्टेज ३ च्या गाड्या पुढेही विकल्या जात राहिल्या, आणि देशभर भारत स्टेज ४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून. त्यामुळे २०१३ आधीच्या, किंवा छोट्या शहरात घेतलेल्या २०१३ ते २०१७ च्या गाडीत सॉकेट तोच असला, तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. अशा गाडीला सर्वसाधारण स्कॅनर लावला, तर तो ‘कनेक्टिंग’ म्हणत बसतो आणि शेवटी हात टेकतो. अडॅप्टर खराब नसतो, समोर बोलणारंच कोणी नसतं. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे भारत स्टेज ६ ची पेट्रोल किंवा डिझेल गाडी असेल तर ही काळजी नाही.

सॉकेटकडे टॉर्च मारून एकदा नीट बघा, त्यावरूनही बरंच कळतं. १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ४ आणि ५ ला अर्थ. ६ आणि १४ वर पितळी पट्ट्या दिसल्या तर गाडी बहुधा कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंप्युटर जोडणाऱ्या वेगवान तारांवर बोलते. ७ वर पट्टी आहे आणि ६-१४ रिकाम्या आहेत, तर ती जुन्या के-लाइनवर बोलते. के-लाइनचा वेग सेकंदाला सुमारे १०.४ किलोबिट, तर गाड्यांतल्या कॅनचा बहुतेक वेळा ५००. के-लाइनच्या गाडीत एका वेळी दोन-तीन आकडेच स्क्रीनवर ठेवा. दहा ठेवले तर प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलेल आणि ग्राफचा काही उपयोग राहणार नाही.

बाजारात काय मिळतं

सर्वात स्वस्त म्हणजे चारशे ते हजार रुपयांचा, काड्यापेटीएवढा निळा किंवा पारदर्शक ब्लूटूथ डोंगल. त्यावर ‘ईएलएम३२७’ लिहिलेलं असतं. ही मूळची कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. आज या नावाने जे स्वस्तात मिळतं ती नक्कल आहे, हे धरूनच चाला. खोक्यावरच्या आवृत्तीच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ‘२.१’ लिहिलेल्या कित्येक डोंगलना ‘१.५’ वाल्यांपेक्षा कमी आज्ञा कळतात.

नक्कल कुठे अडते ते माहीत असलेलं बरं. एका ओळीत मावणारं उत्तर ती वाचते. उत्तर लांब असेल, तुकड्या-तुकड्यांत येत असेल, तर ती तुकडे गाळते. इंजिनचे साधे कोड दिसतात, पण १७ अक्षरी चॅसी नंबर अर्धवट येतो, कंपनीचे खास आकडे येतच नाहीत. के-लाइनच्या गाड्यांवर काही नकला मुळीच चालत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच संपर्क तुटतो, आणि वाचणारा समजतो की गाडीतच दोष आहे. कॅनवर चालणाऱ्या गाडीचा कोड अधूनमधून बघण्यापुरता असा डोंगल ठीक आहे. निदान करायला त्याच्यावर विसंबू नका.

दुसरा वर्ग साधारण अडीच ते चार हजारांचा. व्हीगेटचा आयकार प्रो त्यातला सहज मिळणारा. फोन अँड्रॉइड असेल तर साधं ब्लूटूथ चालतं. आयफोन असेल तर लो-एनर्जी ब्लूटूथवालाच घ्या, साधं ब्लूटूथ आयफोनवरची ओबीडी ॲप्स वापरू शकत नाहीत. वाय-फायवालाही आयफोनवर चालतो, पण तो लावला की फोन डोंगलच्या वाय-फायला जोडला जातो आणि इंटरनेट बंद पडू शकतं. शिवाय ॲपमध्ये पत्ता हाताने भरायला लागतो, बहुतेकांचा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५०००. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडलेली असताना हा खटाटोप नको वाटतो.

याच्या वर आहे ओबीडीलिंक. एमएक्स प्लस हे त्यांचं मॉडेल आयात होऊन येतं आणि दहा हजारांच्या पुढे जातं. वेग उत्तम, लांब उत्तरं पूर्ण वाचतो, गाडी बंद झाल्यावर स्वतः झोपतो. पण तो घ्यायचं खरं कारण एकच: तुमच्या गाडीला दुसरी कॅन बस आहे आणि ती वाचायची आहे. फोर्ड हे त्याचं नेमकं उदाहरण. फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, पण फिगो, अस्पायर, इकोस्पोर्ट, एंडेव्हर रस्त्यावर भरपूर आहेत. या गाड्यांसाठी फोरस्कॅन हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर इतकं खोल जातं, की अडॅप्टरचा खर्च सार्थकी लागतो. फोर्डमध्ये ६-१४ सोबत ३ आणि ११ नंबरच्या पिनांवर मध्यम वेगाची दुसरी कॅन असते. साध्या डोंगलला ती दिसत नाही. एकतर ती आपोआप बदलणारा अडॅप्टर घ्या, नाहीतर बाजूला छोटा स्विच असलेला यूएसबीवाला. फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर या सगळ्या वाटेलाच जाऊ नका. तिथे रॉस-टेकचं व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन घ्या. पोलो, व्हेंटो, रॅपिडमधली जवळजवळ सगळी मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कंप्युटर, त्यातून उघडतात.

तिसरा वर्ग हातात धरायच्या, छोट्या स्क्रीनच्या रीडरचा. ऑटेल एएल३१९ सारखे. फोन लागत नाही, ॲप लागत नाही, लावला की चालू. पण पाच हजारांच्या आसपास पैसे मोजून जे मिळतं ते इंजिनचे सर्वसाधारण कोड आणि बेताचा लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे), म्हणजे निम्म्या किमतीच्या ब्लूटूथ अडॅप्टरपेक्षा कमीच. ज्याला स्मार्टफोन नको आहे, किंवा गॅरेजमध्ये ग्रीसच्या हातांनी वापरायचा आहे, त्याने घ्यावा. लाँच कंपनीच्या सीआरपी१२३ सारख्या यंत्रात एबीएस, एअरबॅग आणि गिअरबॉक्सही असतात. फक्त तुमच्या गाडीचं भारतातलं मॉडेल आणि वर्ष यादीत आहे का, ते विकत घेण्याआधी बघा. युरोपातल्या यादीत ‘सुझुकी’ असलं म्हणजे वॅगनआर वाचली जाईलच असं नाही.

चौथा वर्ग दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या टॅबलेटचा. हा नुसतं वाचत नाही, आज्ञाही देतो: रेडिएटरचा पंखा चालू कर, दोन नंबरचा इंजेक्टर बंद कर, ईजीआर (जळका वायू परत इंजिनात सोडणारा) वाल्व उघड, एबीएसच्या पंपातली हवा काढ, नव्या इंजेक्टरचा कोड घाल. ऑटेल आणि लाँचचे टॅबलेट इथे येतात, साधारण वीस हजारांपासून लाखापर्यंत. अपडेट ठरावीक मुदतीपुरतं मोफत आणि नंतर दरवर्षी पैसे, हे किमतीत धरूनच हिशोब करा. घरी एक गाडी असलेल्याला हा खर्च कधीच वसूल होत नाही. घरात तीन-चार गाड्या आहेत आणि काम स्वतः करता, किंवा छोटं गॅरेज आहे, तर मात्र हाच घ्या, मधल्या वर्गात पैसे अडकवू नका.

पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटात

कोड हा पत्ता असतो, घर शोधायला गल्लीत जावं लागतं. ॲप कोणतं, हा प्रश्न यासाठीच महत्त्वाचा. अँड्रॉइडवर टॉर्क प्रो जुनं आणि भरवशाचं. कार स्कॅनर हे ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, त्यात कंपनीनुसार प्रोफाइल निवडता येतं आणि काही गाड्यांचे इंजिनाबाहेरचे कोडही त्यातून दिसतात. दोन्हींच्या पूर्ण आवृत्त्यांची किंमत एका स्पार्क प्लगपेक्षा फार नाही.

उदाहरण घ्या पी०१७१ चं, म्हणजे मिश्रण पातळ, इंधन कमी. याच कोडवर सर्वात जास्त चांगले सेन्सर फेकले जातात. ॲपमध्ये दोन आकडे लावा: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. इंजिन पूर्ण गरम करा. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर गाडी निरोगी आहे. अधिक पंधरा-वीस दिसतंय म्हणजे ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ठरल्यापेक्षा तितकं जास्त पेट्रोल ओततोय, तेव्हा कुठे मिश्रण जमतंय. आता गाडी उभी ठेवूनच २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरा. ट्रिम खाली आली, तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय: फाटलेला व्हॅक्युम पाइप, सैल क्लिप, मॅनिफोल्डची गॅसकेट. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, एकूण हवाच कमी असते, म्हणून तेवढ्या गळतीचा वाटा मोठा पडतो. वेग वाढला की तो बुजतो. उलट, आयडलला ट्रिम बरी आणि चढावर, लोडवर वाढत जाते, तर पेट्रोलच कमी येतंय: फिल्टर, पंप, किंवा मळलेला हवामापक सेन्सर.

इथे एक गोष्ट परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांच्या हातून हमखास सुटते. वरचा नियम हवेचं वजन मोजणाऱ्या, म्हणजे एमएएफ सेन्सरच्या इंजिनांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, एमएपी सेन्सरने. तिथे पाइप फाटला तर आत आलेली हवा दाबात दिसतेच, त्यामुळे ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम फारशी हलत नाही. त्याऐवजी आयडलचे आरपीएम वर जातात आणि दाब, जो गरम इंजिनला आयडलवर साधारण ३० ते ४० किलोपास्कल असायला हवा, तो पंचेचाळीस-पन्नासकडे सरकतो. तुमची गाडी कोणत्या जातीची ते ॲपमधून ओळखा. पण टॉर्क दाबावरून हवेचं वजन स्वतः हिशोब करून दाखवू शकतं. आकडा दिसला म्हणजे सेन्सर आहे, असं समजू नका. गाडी कोणते आकडे पुरवते त्याची यादी ॲपमध्ये असते, ती बघा.

एमएपी सेन्सरची परीक्षा तर फुकटात होते. चावी ऑन, इंजिन बंद. या वेळी सेन्सरला बाहेरच्या हवेचा दाब दिसायला हवा. मुंबईत समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरच्या उंचीवर सुमारे ८६. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर ८५ दाखवतोय, तर सेन्सर किंवा त्याचा कपलर संशयित.

मिसिंगचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचे कोड, पी०३०० पासून पुढचे, स्कॅनरला सर्वात जास्त शोभतात. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. नवी कॉइल मागवण्याआधी दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, दहा-पंधरा किलोमीटर चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेलेली, ती बदला. दोनच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एकही रुपया खर्च न करता पहिला संशयित सुटतो किंवा सापडतो. इंजिनचं चिन्ह नुसतं पेटलेलं नसून लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. जळलं नाही ते पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि कन्व्हर्टर हा त्या सगळ्या साखळीतला सर्वात महाग भाग आहे.

म्हणूनच पी०४२०, कन्व्हर्टरची क्षमता कमी, हा कोड आला की लगेच कन्व्हर्टर बदलायला होकार देऊ नका. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली व्हायला हवा, मागच्याचा ०.६-०.७ च्या आसपास शांत. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर संशय खरा. पण त्याआधी सायलेन्सरच्या जोडावर फुसफुस ऐकू येते का बघा. गळतीतून आत खेचलेली हवा मागच्या सेन्सरला फसवते.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. एकदम चार-पाच कोड, एकमेकांशी संबंध नसलेले: कूलंटचं तापमान, हवेचं तापमान, थ्रॉटल. कूलंट उणे ४० अंश दाखवतं. सेन्सर एकदम इतके जात नाहीत. उणे ४० म्हणजे त्या वायरीत करंटच पोचत नाही, सर्किट तुटलेलं. बॉनेट उघडा आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का ते आधी बघा, मग सेन्सरांना सामाईक असलेली अर्थ आणि ५ व्होल्टची वायर. आणि बॅटरी उतरलेली असताना आलेल्या ‘यू’ने सुरू होणाऱ्या, म्हणजे मॉड्यूल बोलत नसल्याच्या कोडांवर विश्वास ठेवू नका. आधी बॅटरी भरा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले, की मगच पुढे जा. स्वस्त डोंगल स्वतः मोजलेला व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने चुकवू शकतो, म्हणून ॲपमध्ये ‘कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज’ निवडा. तो आकडा गाडीच्या ईसीयूने मोजलेला असतो.

सीएनजी आणि डिझेलवाल्यांसाठी

पुण्या-मुंबईत सीएनजी गाडी असेल तर स्कॅनर घ्यायला एक जास्तीचं कारण आहे. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शिअल किट पेट्रोल इंजेक्टरचा इशारा उचलून तो गॅसच्या इंजेक्टरला देतं. किटचं ट्युनिंग बिघडलं, की पेट्रोलचा ईसीयू ते सावरायला स्वतःची लाँग टर्म ट्रिम सरकवतो. मग पेट्रोलवर आलात की गाडी झटके देते, आणि दोष पेट्रोलच्या सिस्टिमवर येतो. तपासणी सोपी आहे. गरम इंजिन, दहा मिनिटं पेट्रोलवर, ट्रिम लिहून ठेवा. सीएनजीवर टाका, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा लिहा. पेट्रोलवर ती शून्याच्या आसपास आणि गॅसवर अधिक पंधरा-वीस, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि किटचं मॅपिंग तपासून घ्या. किटच्या स्वतःच्या ईसीयूत मात्र ओबीडी स्कॅनर शिरत नाही. त्याला त्या किटची केबल आणि सॉफ्टवेअर लागतं, आणि ते फिटरकडे असतं.

डिझेलमध्ये फ्युएल ट्रिमचा हा खेळ नाही. तिथे बघायचा तो रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब. आयडलला बहुतेक कॉमन रेल इंजिनांत तो साधारण २५० ते ३५० बार असतो. पी००८७ आला आणि जोर लावल्यावर दाब पडतोय, तर पंपाला हात लावण्याआधी डिझेल फिल्टर बदला. भारत स्टेज ६ च्या डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि काजळी किती भरली तो आकडा सर्वसाधारण ओबीडीत सहसा मिळत नाही. कार स्कॅनरचं तुमच्या गाडीचं प्रोफाइल तो दाखवत असेल तर उत्तम. पी२४६३ म्हणजे काजळी साचली, ती गाडी हायवेवर चालवून जळू शकते. पी२४२एफ म्हणजे राख साचली, आणि राख जळत नाही. हा फरक कळला नाही तर माणूस एक्स्प्रेसवेवर डिझेल जाळत बसतो. स्कॅनरवरून जबरदस्तीने काजळी जाळायची सोय चौथ्या वर्गाच्या यंत्रांत असते. ते काम उघड्यावर, गवत-कागद दूर ठेवून करायचं, सायलेन्सर प्रचंड तापतो.

जुनी गाडी घेताना

याच एका कामासाठीही अडीच हजारांचा अडॅप्टर घ्यावा. विकणाऱ्याने दाखवायच्या आदल्या रात्री कोड पुसले असतील, तर मीटर स्वच्छ दिसतं. पण कोड पुसले की ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीने स्वतःच्या भागांच्या केलेल्या चाचण्यांच्या नोंदी, त्याही शून्यावर येतात. ॲपमध्ये ते पान उघडा. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर यांच्यापुढे ‘अपूर्ण’ लिहिलेलं असेल, तर एकतर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी नवी आहे का ते बघा, म्हणजे दोन्हींतलं कोणतं ते कळेल. त्याहून नेमका आकडा: ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’. विकणारा म्हणतो दोन वर्षांत काही केलं नाही, आणि इथे २३ किलोमीटर. सोबत ‘चिन्ह पेटलेलं असताना चाललेलं अंतर’ही बघा, आणि चॅसी नंबर आरसीशी जुळवा. ओडोमीटर मागे फिरवला असेल तर तो मात्र या यंत्रांनी सहसा पकडता येत नाही.

आपल्याकडे पीयूसी सायलेन्सरच्या धुरावर होते, ओबीडीवर नाही. त्यामुळे मॉनिटर अपूर्ण असले तरी पीयूसी मिळते, आणि पीयूसी आहे म्हणून इंजिनचं चिन्ह दुर्लक्षित करण्यात अर्थ नाही.

ज्यांनी घेऊ नये

गाडी वॉरंटीत आहे: चिन्ह पेटलं तर सर्व्हिस सेंटरला जा आणि कोड स्वतः पुसू नका. कोड पुसला की तो आला त्या क्षणीचं तापमान, आरपीएम, लोड यांची साठवलेली नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, निघून जाते. नेमकी तीच सर्व्हिस सेंटरच्या माणसाला लागते. एबीएस किंवा एअरबॅगचं चिन्ह हीच तुमची एकमेव तक्रार असेल, तर पहिल्या दोन वर्गांतलं काही घेऊ नका. एअरबॅगच्या वायरिंगला घरी हात लावूच नये. इलेक्ट्रिक गाडीत या कोडांपैकी बहुतेक नाहीतच.

आणल्यावर पहिल्या दिवशी

परत करायची मुदत असताना ही तपासणी करून टाका. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली उजवीकडे, फ्यूजबॉक्सजवळ. डोंगल सरळ दाबा. तिरका ठोकला तर सॉकेटच्या पट्ट्या पसरतात आणि पुढे संपर्क सुटायला लागतो. दिवा लागला नाही तर आधी चार्जर सॉकेटचा फ्यूज बघा. कित्येक गाड्यांत ओबीडीला वीज त्याच फ्यूजमधून जाते आणि स्वस्त चार्जरने तो उडालेला असतो. चावी ऑन, इंजिन बंद, ब्लूटूथची जोडणी करा, पिन बहुधा १२३४ किंवा ००००. ॲपने चॅसी नंबर पूर्ण १७ अक्षरी वाचला, तर अडॅप्टर लांब उत्तरं झेलतो. अँड्रॉइडवर ‘ईएलएम३२७ आयडेंटिफायर’ हे ॲप चालवा, डोंगलला किती आज्ञा कळतात ते त्यात दिसतं. मग इंजिन चालू करून आरपीएम, कूलंट आणि दाब असे तीन ग्राफ लावून पंधरा मिनिटं सोडून द्या. एकदाही संपर्क तुटला नाही तर ठेवा. तुटला तर त्याच दिवशी परत करा. चालत्या गाडीत आकडे बघायचे असतील तर शेजारी बसलेल्याच्या हातात फोन द्या, किंवा ॲपमध्ये नोंद चालू ठेवून घरी येऊन बघा.

तपासणी झाली, की डोंगल काढून ठेवा. स्वतः न झोपणारा डोंगल सतत ४०-५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला साधारण एक अँपिअर-अवर. गाडीचा स्वतःचा खप वेगळा. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. गणपतीला दोन आठवडे गावी गेलात आणि डोंगल लावलेलाच राहिला, तर परत आल्यावर सेल्फ मारायला बॅटरीत जोर उरलेला नसेल.